परदेशातल्या कोंबडीचा लिलाव

ती पोरगी ओरडत होती आणि मी तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होतो. माझ्या डाव्या काखेत तांबडी कोंबडी, उजवा हात आभाळात, आणि तोंडानं "एक वार... दोन वार..." चाललेलं. पोरगी आठ-नऊ वर्षांची. माझ्या सदऱ्याचं टोक धरून ती मला असं ओढत होती की मी बैल असतो तर एव्हाना शेत नांगरून झालं असतं. नेपाळीत तिचा पट्टा सुरू होता. त्यातला 'मेरो' एवढा एकच शब्द आम्हाला कळत होता. म्हणजे कोंबडी तिची. चला, कळलं. आम्हा पाच सोलापूरकरांची अडचण एवढीच झाली की तेवढं कळल्यावर सगळंच कळलं असं आम्हाला वाटलं.

मी लिलाववाला. पोटासाठी जन्मभर कापडाच्या दुकानात मीटरपट्टी धरली, पण आमच्या चर्चमध्ये मला ओळखतात ते हंगामाच्या सणाच्या लिलावासाठी. मी आवारात "तीन वार" म्हटलं की तिकडे सात रस्त्याच्या चौकात रिक्षावाले ब्रेक मारतात. खोटं वाटत असेल तर रिक्षावाल्यांना विचारा, मात्र ब्रेक का मारला ते त्यांना सांगता येणार नाही.

या सणाला ज्याच्या घरी जे पिकतं ते तो देवापुढं आणून ठेवतो. ज्वारीची कणसं, ऊस, भोपळा, अंडी, कोंबडी. उपासना संपली की आवारात त्याचा लिलाव. आता यातली खरी गंमत अशी की बोली जिंकणारा ती वस्तू घरी नेत नाही. छाती फुगवून म्हणतो, "परत देवाला." वस्तू पुन्हा टेबलावर, पुन्हा बोली. जितक्या वेळा परत, तितकं घराण्याचं नाव. एक भोपळा मी इतक्यांदा विकलाय की शेवटी तोच कंटाळून फुटला. आमच्यात हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल, हे आमच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

एका रविवारी पाळकसाहेबांनी जाहीर केलं की आपल्यातले काही जण परदेशात अनाथ मुलांची सेवा करायला जाणार. 'परदेश' म्हटल्याबरोबर मी हात वर केला. देश कोणता ते नंतर कळलं. नेपाळ. तोवर मी सगळ्या गल्लीत सांगून बसलो होतो. शेजाऱ्यांनी विचारलं, पासपोर्ट काढला का? म्हटलं, आम्हाला लागत नाही. यात खोटं काहीच नव्हतं, मतदार ओळखपत्रावर सोडतात. पण सांगताना मी आवाज असा खाली आणला की पुढं कितीतरी दिवस लोक मला अहो-जाहो करत होते.

निघालो पाच जण. पाळकसाहेब, एक निवृत्त मुख्याध्यापक ज्यांना सगळं चर्च गुरुजी म्हणतं, करकंबच्या मावशी, मी आणि माझी बायको. सामानात मुलांसाठी सोलापुरी चादरींचे गठ्ठे आणि आमच्यासाठी कडक भाकरी, शेंगाचटणी. मावशींनी रेल्वेत चटणी अशी वाटली की पुढच्या स्टेशनांवर लोक डब्यात चढायच्या आधी वास घेऊन चढत. सीमेपलीकडे बस. तो रस्ता असा वळतो की एका वळणावर आमच्या ड्रायव्हरनं आमच्याच बसच्या मागच्या बाजूला हॉर्न दिला. एक ढग खिडकीतून आत आला, दोन थांबे आमच्यात बसला आणि तिकीट न काढता उतरला.

सगळ्यात हाल झाले ते गुरुजींचे. पाट्यांची लिपी आपलीच. गुरुजी प्रत्येक पाटी खणखणीत वाचायचे आणि मग अर्थासाठी कंडक्टरकडं बघायचे. जन्मभर पोरांना "नीट वाच, कळेल" म्हणून कान पिळलेल्या माणसावर ही वेळ.

मुलांचं वसतिगृह डोंगराच्या उतारावर होतं. ते चालवणाऱ्या बाईंना मुलं दिदी म्हणत, म्हणून आम्हीही दिदी म्हणू लागलो. दिदींना चांगलं हिंदी येत होतं. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी सांगून टाकलं की इथं उपदेश करायचा नाही, कायदा आहे. मुलांसोबत राहा, बास. आम्ही माना डोलावल्या. पण सोबत राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे सकाळी बघू म्हटलं.

सकाळी सेवा करायला उठलो तर अंगण झाडून झालेलं. भांडी घासायला गेलो तर आमचीच ताटं घासून पालथी घातलेली. मावशींनी झाडूसाठी एका मुलीशी झोंबाझोंबी केली आणि हरल्या. मी लाकडं फोडायला कुऱ्हाड उचलली, तर त्यांच्यातल्या थोरल्या मुलीनं ती हळूच माझ्या हातातून काढून घेतली आणि मला बसायला स्टूल दिलं. दुपारी आम्ही पाच जण भिंतीला ओळीनं ऊन खात बसलेलो आणि मुलं आम्हाला चहा आणून देत होती. बायको म्हणाली, "अहो, कोण कुणाची सेवा करतंय?" मी चहा प्यायलो.

तेव्हा मला आठवलं की येत्या रविवारी सोलापुरात हंगामाचा सण. लिलाव कुणीतरी मिळमिळीत माणूस करणार. म्हटलं, पाळकसाहेब, इथंच सण करू. उपदेश नाही, काही नाही. मुलांनी पिकलेलं आणायचं, गाणी म्हणायची, आपण बोली लावायची आणि जे जमेल ते मुलांनाच द्यायचं. बसून बसून पाळकसाहेबही वैतागले होते, लगेच हो म्हणाले. दिदींनीही करा म्हटलं. तिकडं सुट्टी शनिवारी असते, म्हणून शनिवार ठरला. त्या दिवशी दिदी खालच्या बाजारात धान्य आणायला जाणार होत्या. मी म्हटलं, तुम्ही निवांत जा, आम्ही आहोत की.

मुलांनी मुळे आणले, आलं आणलं, मक्याची कणसं आणली, एक भोपळा आला. टेबल दिसायला झकास, पण कोंबडी नव्हती. कोंबडीशिवाय लिलाव म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. मी शोधायला निघालो. जिन्याखाली अंधारात वेताच्या टोपलीत एक तांबडी कोंबडी बसलेली दिसली. हलत नाही, ओरडत नाही. करकंबच्या बाजारात विकायच्या कोंबड्या अशाच पाटीत बसलेल्या असतात. मला वाटलं, कुणा मुलानं सणासाठी आणून ठेवलीय आणि पुढं यायला लाजतंय. मी हात घातला तर तिनं मनगटाला असा चावा घेतला की कोंबडीला दात असतात हे मला तिथं समजलं. उचलल्यावर खाली अंडी दिसली. मला उलट आनंद झाला. म्हटलं, अंडी देणारी आहे, भाव चढेल. मी कापडाच्या दुकानातला माणूस. कोंबडी मला दोनच ठिकाणी माहीत, लिलावाच्या टेबलावर आणि ताटात.

बोली सुरू झाली आणि माझा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. तिथं ती पोरगी भाजी निवडत होती. ती धावत आली आणि मघाशी सांगितलं तसं माझ्या सदऱ्याला लटकली.

गुरुजींना सगळ्यांत आधी उलगडलं. म्हणाले, कोंबडी तिची आहे, तिला वाटतंय आपण सोलापूरला नेणार. आमच्या पाचही जणांच्या काळजाचं पाणी झालं. गुरुजींनी तिथल्या तिथं बोली चढवली, जिंकली, कोंबडी दोन्ही हातांनी पोरीच्या ओंजळीत दिली आणि चष्मा काढून डोळे पुसले. टाळ्या. पोरगी कोंबडी घेऊन वळली, पण गुरुजींनी दिली आणि पाळक मागं राहिले असं कसं दिसेल? पाळकसाहेब तिच्यामागं गेले, डोक्यावरून हात फिरवला, कोंबडी अलगद काढून घेतली आणि टेबलावर आणून ठेवली. पुन्हा बोली. पाळकसाहेब जिंकले, त्यांनी ती पोरीला परत दिली. पुन्हा टाळ्या. ती चार पावलं गेली असेल-नसेल, तोवर मावशींनी पदर खोचला होता.

ती बिचारी प्रत्येक वेळी घेऊन पळायची आणि प्रत्येक वेळी आमच्यातलं कुणीतरी मायेनं तिला अडवायचं. एका पोरक्या पोरीला तिची कोंबडी परत द्यायचा आशीर्वाद सगळ्यांनाच हवा होता आणि कोंबडी एकच होती. पोरगी ओरडायची, आम्ही तिला हातवारे करून सांगायचो, तुझीच आहे, तुलाच मिळणार, थांब. ती आणखी ओरडायची. आम्हाला वाटायचं, आनंद झालाय. मग वाटायचं, नाही, रडतेय. मग वाटायचं, इकडची माणसं आनंदात अशीच रडत असतील. मुलं आधी हसत होती, मग एकेक करून गप्प झाली. ती कुऱ्हाडवाली थोरली मुलगी माझ्याजवळ येऊन मोडक्या हिंदीत म्हणाली, "अंकल, अंडा." मी म्हटलं, अंड्यांचा लिलाव नंतर, आधी कोंबडी होऊ दे.

शेवटी बायकोनं बोली लावली. आमच्या घरातून काहीच नाही असं दिसायला नको, म्हणून मीच तिला डोळ्यांनी खुणावलं होतं. "तीन वार" म्हणायला मी तोंड उघडलं आणि फाटकातून दिदी आत आल्या. पाठीवर तांदळाचं पोतं. ते खाली ठेवून त्यांनी आधी कोंबडीकडं पाहिलं, मग पोरीकडं, आणि हिंदीत विचारलं की कोंबडीला अंड्यांवरून कुणी उठवलं?

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पाळकसाहेबांकडं पाहिलं.

पोरीनं बायकोच्या हातातून कोंबडी हिसकली आणि जिन्याकडं पळाली. या वेळी तिला कुणी अडवलं नाही. दिदींनी मग थोडक्यात सांगितलं. ही मुलगी उन्हाळ्यात आली. काका सोडून गेला. येताना काखेत ही कोंबडी होती, बाकी काही नाही. इथं सगळं सगळ्यांचं असतं, पण कोंबडी तेवढी तिची. कोंबडी पहिल्यांदाच अंड्यांवर बसली होती आणि पोरगी रोज उठल्या उठल्या टोपलीला कान लावायची. आता पिल्लं निघायची, म्हणजे चार-सहा दिवसांचा प्रश्न होता. आम्ही एवढा वेळ त्या अंड्यांना गार करत होतो. आणि माझे लिलाव काही छोटे नसतात.

मावशी खाली बघत म्हणाल्या, "मला कळलं व्हतं की. साहेबांच्या बोलीला टेबलावर धरून ठिवली तवाच. पोट तापल्यालं, पिसं न्हाईत. खुडूक हाय म्हनलं ही, अंड्यावर बसल्याली."

"मग बोलला का नाही?" पाळकसाहेब म्हणाले.

"तुमची बोली चालली व्हती, साहेब. पाळकाच्या बोलीत मधीच कसं बोलायचं? आन मग माजीच पाळी आली."

जिन्याखाली आम्ही सगळे दाटीवाटीनं उभे राहिलो, ऑपरेशन चाललेल्या खोलीबाहेर राहतात तसे. पोरगी एकेक अंडं गालाला लावून बघत होती. कोंबडी टोपलीच्या काठावर चढायची, आमच्याकडं बघायची आणि उडी मारून पळायची. गुरुजी म्हणाले, दिवा लावून ऊब देता येते. वीज गेलेली. बायकोनं गरम पाण्याची पिशवी आणली. मी म्हटलं, अंडी माझ्या पोटाशी बांधा, माझ्या पोटात उष्णता फार आहे असं डॉक्टरच म्हणतात. पाळकसाहेबांना अंड्यांसाठी प्रार्थना करावी असं वाटत होतं, पण ते उपदेशात मोडतं का हे त्यांना ठरवता येईना, म्हणून ते ओठ हलवत होते आणि आवाज काढत नव्हते. मराठी, हिंदी, नेपाळी आणि मावशींची करकंबी, अशा चार भाषांत कोंबडीला बस म्हणून सांगणं चाललं होतं. कोंबडी बसेल कशी?

पोरगी उठली. आमच्याकडं तिनं एकदा पाहिलं आणि दोन्ही हात पसरून, तोंडानं हलकासा आवाज काढत, आम्हाला मागं हाकललं. अंगणात कोंबड्या हाकलतात तसं, अगदी तसंच. आम्ही पाच जण पाय न उचलता मागं सरकलो. मग ती आत गेली, आम्ही आणलेल्या गठ्ठ्यातली एक चादर ओढून आणली आणि जिन्याच्या कठड्याला आडवी टांगली. लाल चौकड्यांची, पाळकसाहेबांनी स्वतः निवडलेली. तिच्या मागं ती पोरगी, कोंबडी आणि अंडी, आणि पुढं आम्ही. हातभर अंतरावर सोलापूर लटकत होतं आणि त्यातून पलीकडचं काही दिसत नव्हतं.

बऱ्याच वेळानं आतून कोंबडीचा घशातला तो घोगरा आवाज आला. मावशींनी मान हलवली, बसली म्हणून. पण गार झालेल्या अंड्यांत जीव राहिला की नाही, हे मावशींनाही सांगता येईना.

उरलेले दिवस आम्ही त्या घरात चोरासारखे वावरलो. मला कुजबुजायची सक्ती झाली. तुम्हाला कल्पना नाही, माझ्यासारख्याची कुजबुज म्हणजे काय ते. पहिल्या दिवशी घसा बसला, दुसऱ्या दिवशी कान दुखले. मात्र एक विचित्र गोष्ट झाली. बोलणं बंद झाल्यावर मुलं आमच्याजवळ येऊन बसू लागली. थोरलीनं मला तिकडच्या पद्धतीनं आलं कसं किसतात ते दाखवलं. मी किसलं. गुरुजींकडं दोन मुलं पुस्तक घेऊन बसायची, गुरुजी वाचायचे आणि मुलं त्यांना अर्थ सांगायची. हीच सेवा होती का, की आमचीच शाळा चालली होती, मला आजही नीट सांगता येत नाही. कोंबडीवाली पोरगी मात्र आली नाही.

निघताना सगळी मुलं फाटकापर्यंत आली. ती नव्हती. मी चादरीपाशी जाऊन उभा राहिलो. खालून एक लहानसा हात बाहेर आला. मला भरून आलं, म्हटलं, निरोप देतेय, आणि मी हात पुढं केला. त्या हातानं माझ्या पायापाशी ठेवलेली दाण्यांची वाटी धरली आणि आत ओढून घेतली.

सोलापूरला परतल्यावर दीडेक महिन्यानं एका रविवारी उपासनेनंतर सगळ्यांसमोर प्रवासाचा वृत्तांत सांगायचा होता. अर्थात मीच सांगितला. ढग सांगितला, हॉर्न सांगितला. कोंबडी बोलता बोलता मोराएवढी झाली. आमच्या चार बोलींचं मी असं वर्णन केलं की दोन बायकांनी रुमाल काढले. अंड्यांपाशी आलो तेव्हा मी जरा घाईनं पुढं गेलो. टाळ्या झाल्या. मग मागच्या बाकावरून एक म्हातारे गृहस्थ उठले. करमाळ्याचे, मुलीकडं राहायला आलेले, कुणाशी फार बोलत नाहीत.

"समदं झ्याक झालं," ते म्हणाले. "पन पिल्लं निगाली का न्हाय?"

पाळकसाहेब म्हणाले, विश्वास ठेवू या. गुरुजी म्हणाले, शक्यता नाकारता येत नाही. मावशी म्हणाल्या, न्हाय. बायको माझ्याकडं बघत राहिली. एका प्रवासाला गेलेल्या पाच माणसांकडं एका प्रश्नाची तीन उत्तरं. म्हातारे काही बसेनात.

शेवटी आवारात लिलावाच्या टेबलावर पाळकसाहेबांचा फोन ठेवला, स्पीकर लावला आणि दिदींना फोन केला. भोवती सगळं चर्च. दिदींनी सगळ्यांची खुशाली विचारली. चादरी उबदार आहेत म्हणाल्या. पाळकसाहेबांनी हळूच अंड्यांचं विचारलं.

दिदी म्हणाल्या, ती अंडी गेली. सगळी. मुलीनं तरी ती फेकू दिली नाहीत, वास सुटेपर्यंत. मग स्वतःच नेऊन पुरली.

मावशींनी पदर तोंडाला लावला. पाळकसाहेब फोनकडं वाकून काही शब्द शोधत होते. मला असली शांतता सोसत नाही. आयुष्यभर मी लोकांना बोलतं करत आलोय. मी म्हटलं, पोरीला फोन द्या. दिदी म्हणाल्या, देते, थोडं हिंदी शिकलीय ती आता. काही वेळ खुडबुड ऐकू आली, मग कुणाचा तरी श्वास. एवढ्या लांब आवाज पोहोचायचा म्हणून मी छाती भरून घेतली आणि माझ्या सगळ्यात मोठ्या, सात रस्त्यापर्यंत जाणाऱ्या आवाजात हिंदीत विचारलं की बाळ, आम्ही तुला दहा कोंबड्या पाठवतो, वीस पाठवतो, बोल, तुला काय पाहिजे?

"धीरे बोलो," ती म्हणाली. "मुर्गी फिर बैठी है."